रॉडचा कान

ही गोष्ट मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही. विसरलो होतो असं नाही. सांगायची वेळ आली की मी दुसरंच काहीतरी बोलायला लागायचो. वीज केंद्राच्या कॉलनीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये, नंतर चंद्रपुरात घर बांधल्यावर शेजाऱ्यांत, निवृत्त लोकांच्या सकाळच्या बैठकीत, माझ्या शिफ्टमधल्या जोडीदाराचा विषय अनेकदा निघाला. "चांगला माणूस, पण स्वतःच्या हातानं वाटोळं करून घेतलं. कान गेलेला लपवला, तपासणीत अंदाजानं बटण दाबत राहिला, आणि आत गाठ वाढत गेली," असं लोक म्हणायचे. मी तिथंच बसलेला असायचो. कधी कधी मानही हलवायचो.

ते तसं नव्हतं. कसं होतं ते आता लिहितो. सुरुवात माझ्याच कानापासून करावी लागेल, कारण माझा कान गेला नसता तर मी हेही लिहिलं नसतं.

मागच्या हिवाळ्यात पुण्याहून मुलीचा फोन आला. मी नेहमीसारखा उजव्या कानाला लावला आणि तिला सांगितलं, नेटवर्क नाही, नंतर कर. बायकोनं फोन हातातून घेतला.

"साफ आवाज येऊन राह्यला. तुमीच काऊन ओरडता?"

मी फोन परत घेऊन डाव्या कानाला लावला. मुलगी हसत होती, मागं नातू भांडत होता, कुकरची शिट्टी झाली, सगळं ऐकू आलं. पुन्हा उजव्या कानाला लावला. कोणी दूर विहिरीत उतरून बोलावं तसं.

मग मी घरातल्या घरात परीक्षा घ्यायला लागलो. कानाजवळ अंगठा आणि बोट एकमेकांवर घासायचं. डावीकडं सरसर ऐकू यायचं, उजवीकडं काही नाही. दुपारी डाव्या कुशीवर झोपलो की पंखा बंद पडल्यासारखा वाटायचा. डोळे उघडून बघावं तर तो फिरत असायचा.

बायकोला सांगितलं नाही. टर्बाइनवर आयुष्य काढलेल्या माणसाचा कान म्हातारपणी कमी झाला तर त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. आमच्या बैठकीत निम्मे लोक 'आँ?' करूनच बोलतात. पण त्यांचे दोन्ही कान कमी आहेत. माझ्या ओळखीत आजवर एकाच माणसाचा एकच कान गेला होता, आणि त्याचं पुढं काय झालं ते मी पाहिलं होतं. म्हणून मी काही आठवडे कुणाला न सांगता काढले. चालताना पाय वाकडा पडतो का ते बघायचो. दाढी करताना आरशात गालाच्या दोन्ही बाजू सारख्या हलतात का ते बघायचो. एकदा दिवाणखान्यात डोळे मिटून एका पायावर उभा राहिलो आणि टीव्हीच्या स्टँडवर पडलो. बायको धावत आली.

"काय करून राह्यले तुमी?"

"योगा."

"या वयात? लाज वाटू द्या थोडी," ती म्हणाली, आणि मग माझ्या तोंडाकडं बघून खाली बसली. "आता खरं सांगा."

तेव्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनंच मला कानाच्या डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टर मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी कानात बघितलं, मळ नव्हता. मग काचेच्या खोक्यात बसवून, कानाला हेडफोन लावून तपासणी केली. आवाज आला की बटण दाबायचं. बाहेर आल्यावर त्यांनी कागदावरच्या दोन रेषा दाखवल्या. डाव्या कानाची रेषा उतारावरच्या रस्त्यासारखी हळूहळू खाली गेलेली. उजव्याची खड्ड्यातच सुरू झालेली.

"काका, तुम्ही टर्बाइनवर होता म्हणता. आवाजानं कान जातात ते साधारण दोन्ही सोबत जातात. तुमचा एक फारच जास्त गेला आहे. त्यामुळे एकदा एमआरआय करून बघू. बहुतेक वेळा काही निघत नाही."

"आणि निघालं तर?"

"तर वेळेवर कळलं म्हणू. ऐकण्याच्या नसेवर गाठ होते कधी कधी. ती कॅन्सरची नसते आणि सावकाश वाढते. लहान असताना सापडली तर बरेच उपाय असतात. काही लोकांची तर आम्ही फक्त अधूनमधून तपासतो, हातही लावत नाही."

बायकोला धीर आला. ती डॉक्टरांना आणखी काही विचारत होती. माझं लक्ष पहिल्याच वाक्यापाशी अडकलं होतं. आवाजानं जातात ते दोन्ही सोबत जातात. आमच्या फ्लोअरवर हे कुणाला माहीत नव्हतं. आमचं स्वतःचं एक शास्त्र होतं, आणि ते चूक होतं.

टर्बाइन फ्लोअरवर बोलून काही उपयोग नसतो. माणूस कानाशी तोंड लावून ओरडला तरी निम्मं कळतं. म्हणून आम्ही हातांनी बोलायचो. तळहात वर उचलला की तापमान वाढतं आहे. मूठ छातीवर आपटली की इथंच थांब. अंगठा ओठाला लावला की चहा. साहेब येताना दिसले की बोटांनी चष्मा करायचा. माझा जोडीदार या भाषेत माझ्यापेक्षा हुशार होता. तो माझ्याहून बराच लहान, चामोर्शीकडचा, ढिवरांच्या घरचा. बाप-आजा तलावात मासे धरायचे, आणि हा आयटीआय करून वीज केंद्रात लागला होता. आमची जोडी कित्येक वर्षं एकाच शिफ्टला होती. लांबून, दोन मशिनांच्या मधून तो मला मुलाच्या परीक्षेचा निकाल हातांनी सांगायचा, आणि मी समजून घ्यायचो.

त्यामुळेच त्याचा कान गेलेला कुणाच्या लक्षात आला नाही. जिथं कोणी कानानं बोलतच नाही तिथं बहिरा कोण ते कसं कळणार.

फ्लोअरवर आमचं दुसरं काम म्हणजे बेअरिंगचा आवाज ऐकणं. त्यासाठी हातभर लांबीचा लोखंडी रॉड असतो. त्याचं एक टोक बेअरिंगच्या आवरणावर टेकवायचं, दुसरं कानासमोरच्या हाडाला. डॉक्टर छातीवर नळी लावतो तसंच. बाकी सगळा गोंगाट मागं पडतो आणि आतलं फिरणं ऐकू येतं. चांगलं बेअरिंग एकसारखं घुमतं. बिघडायला लागलं की त्यात खरखर येते. जोडीदार रॉड नेहमी डाव्या कानाला लावायचा, कारण उजव्या हातात पेन असायचं. मी डावखुरा, माझा रॉड उजव्या कानाला.

फ्लोअरवर अशी पक्की समजूत होती की ज्या कानाला रॉड लावतो तो कान आधी जातो. आमच्या आधीच्या लोकांनी आम्हाला सांगितलं, आम्ही नंतरच्यांना सांगितलं. कुणी एका कानाची तक्रार केली की उत्तर ठरलेलं होतं, 'रॉडचा कान आहे.' कुणी कधी डॉक्टरला विचारलं नाही.

एका सोमवारी कंपनीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी येऊन बसला. सुट्टीवर गावाला जाऊन आला होता.

"भाऊ, काल मी डोंग्यातून पडलो," तो म्हणाला. "आपल्याच तलावात. ढिवराचं पोट्टं डोंग्यातून पडलं म्हनून सारं गाव हासून राह्यलं."

"घेऊन होता का बे?"

"नाई जी. सकाळी गेलो होतो. एकदम जमीन हालल्यावानी झाली."

"पान्यात जमीन कुठून आली?" मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणालं, आणि सगळी बस हसली. तोही हसला. मीच सगळ्यात मोठ्यानं हसलो असेन. थोड्या वेळानं तो माझ्याकडं वळून हळू म्हणाला, "भाऊ, डाव्या कानात सारखी शिट्टी वाजते." मी म्हणालो, रॉडचा कान आहे. तो म्हणाला, "असन."

त्यानंतर काही दिवसांनी कानांच्या तपासणीची गाडी आली. बाहेरची माणसं होती. त्यांनी एका खोलीत काचेचं खोकं मांडलं होतं. तपासणारा तंत्रज्ञ आडवा बसायचा, म्हणजे आत बसलेल्याला त्याचे हात दिसू नयेत. त्याच्या मशिनवर, आवाज सोडला की एक बारीक हिरवा दिवा लागायचा. त्याच्या मागं भिंतीला बाक होता, तिथं आम्ही पाळी येईपर्यंत बसायचो. त्या तंत्रज्ञाची काहीही चूक नव्हती, हे आधीच सांगतो.

रांगेत जोडीदार माझ्या पुढं होता. तो मागं वळला.

"भाऊ, डाव्या कानानं तर आता काहीच येत नाई. सांगून देऊ का त्याले?"

"सांगशील तर नागपूरले पाठवतीन. तोवर फ्लोअरवरून काढतीन. मंग बस स्टोअरमधी नट-बोल्ट मोजत."

"पन चक्करबी येते जी. बायको म्हनते दाखवून घ्या."

"पोरीचं लगन होऊ दे. मंग मीच घेऊन जातो तुले नागपूरले."

माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मूल गावात हॉल घेतला होता. त्या काळात आमच्याकडं माणसं कमी होती, आणि माझी लांब रजा एवढ्यासाठीच मंजूर झाली होती की माझ्या मागं तो होता. तो फ्लोअरवरून निघाला असता तर माझी रजा नक्की रद्द झाली असती. हे मला त्या क्षणी स्वच्छ माहीत होतं. त्याला मी स्टोअरची भीती घातली, रजेचं बोललो नाही.

तो खोक्यात गेला. मी बाकावर न बसता उभा राहिलो, हेल्मेट दोन्ही हातांत छातीशी धरून. हिरवा दिवा लागला की मी हेल्मेटच्या कडेवर अंगठा उचलायचो. त्याला काचेतून माझा अंगठा दिसत होता. आम्ही आधी काही ठरवलं नव्हतं. आयुष्यभर हातांनी बोललेली माणसं आम्ही, ठरवायची गरजच नव्हती. सगळे आवाज दाखवले नाहीत, मधले काही सोडले, म्हणजे खरं वाटावं. एवढी अक्कल मला त्या वेळी होती.

त्याचा डावा कान ठीक आहे असा कागद निघाला. बाहेर आल्यावर त्यानं माझ्या खांद्याला हात लावला. "भाऊ, वाचवलं तुमी."

लग्न झालं. तो बायको-मुलाला घेऊन आला होता, पंगतीत वाढायलाही लागला. वाढताना भिंतीला एक हात लावून चालत होता. मी ते पाहिलं, आणि पाहुण्यांत गुंतलो. पुढं नागपूरला जायचं राहिलं. आधी मशीन दुरुस्तीला बंद ठेवायची होती, मग पावसाळा लागला, मग त्यानं तो विषय काढणंच सोडलं. पुढच्या वर्षी गाडी पुन्हा आली. तेव्हा त्यानं मला काही विचारलं नाही. खोक्यात बसल्यावर नुसतं माझ्याकडं पाहिलं, आणि मी हेल्मेट हातात घेतलं.

त्यानंतरच्या थंडीत तो जिन्यावरून पडला. गाल बधिर झाला आहे, जेवताना चावलेलं कळत नाही, असं त्याच्या बायकोनं सांगितलं. तेव्हा कुठं नागपूर झालं. ऐकण्याच्या नसेवर गाठ निघाली, मोठी. शस्त्रक्रिया करावी लागली. जीव वाचला. पण गाठ चेहऱ्याच्या नसेला चिकटली होती, ती नस वाचली नाही. डावा अर्धा चेहरा खाली आला. डावा डोळा मिटेना. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा होतो तेव्हा डॉक्टर त्याच्या बायकोला म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर कदाचित चेहरा वाचवता आला असता." ती म्हणाली, "आमाले काय माहीत साहेब, दरसाली तर तपासनी होत होती."

तो परत कामावर आला तेव्हा त्याला हलकं काम दिलं. एक दिवस साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. शिफ्टचा मोठा म्हणून मलाही. त्यांच्यासमोर आधीच्या तपासण्यांचे कागद होते. ते रागावले नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं.

"याच्यात तुझा डावा कान चांगला आहे. गाठ तर डाव्याच बाजूला होती. हे कसं?"

त्याला बोलायला त्रास व्हायचा, ओठ एकाच बाजूनं हलायचा. "अंदाजानं दाबत होतो साहेब."

"का?"

"फ्लोअर सोडायचं नव्हतं."

साहेब माझ्याकडं वळले. "तुम्हाला काही कल्पना होती?"

"नाही साहेब," मी म्हणालो.

जोडीदारानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यानं रुमालानं डोळा पुसला. तो डोळा सारखा पाणावायचा, त्यामुळे त्यात काही अर्थ काढता येत नाही. आरोग्याची माहिती लपवली, असा शेरा त्याच्या कागदावर गेला. कॉलनीत लोक पुढं वर्षानुवर्षं जे बोलत राहिले ते तिथून आलं. तो मुदतीआधी निवृत्ती घेऊन गावाला गेला.

मी दिवाळीला फोन करायचो. तब्येत कशी, पीक कसं. तेवढंच.

एमआरआयसाठी नागपूरची तारीख मिळाली तेव्हा बायको म्हणाली, "त्यालेच विचारा ना. त्याले सारं माहीत आहे." तिला वाटत होतं, मला मशिनची भीती वाटते. मी ठरवलं की या निमित्तानं जायचं आणि सगळं बोलून टाकायचं. डोक्यात गाठ घेऊन बसलो असेन तर ते बोलल्याशिवाय नको. मूलवरून चामोर्शीची बस धरली. वैनगंगेच्या पुलावरून जाताना मी वाक्यं जुळवत होतो. धान निघालं होतं, रिकाम्या बांध्यांमध्ये लाखोळीचं पीक हिरवं झालं होतं.

तो अंगणात बाजेवर बसून जाळं विणत होता. काळा चष्मा लावलेला, धूळ जाऊ नये म्हणून. मला पाहिल्याबरोबर त्यानं जाळं बाजूला केलं आणि बोटांनी चष्मा करून दाखवला, साहेब आले. उरलेल्या अर्ध्या चेहऱ्यानं हसला.

"आता जातो का तलावात?" मी विचारलं.

"डोंग्यात नाई. काठावर बसून पोट्ट्यांले शिव्या देतो. तेबी काम पाह्यजे ना कोनीतरी कराले."

त्याची बायको पाणी घेऊन आली. "भाऊजी, इकडं या बाजूनं बसा. त्या बाजूनं त्यायले ऐकू येत नाई."

मी उजवीकडं सरकलो आणि कानाचं सांगितलं. एकच कान, उजवा, एमआरआय. माफीची वाक्यं त्याच्यानंतर यायची होती. तो ऐकत असताना एकदम सरळ बसला.

"चक्कर येते का?"

"नाई."

"गाल बधिर?"

"नाई."

"डोळे मिटा. उभे व्हा. चाला भिंतीवरी."

मी डोळे मिटून अंगण ओलांडलं. मागं कोंबड्या पळाल्या. भिंतीला हात लागला तेव्हा तो म्हणाला, "सरळ गेले. मी तर कोंबड्याईत पडलो असतो. तुमाले नाई निघत काही, भाऊ. आन निघालीच तर जिरीएवढी निघन." मग त्यानं मला मशिनचं सांगितलं. आत ठोकल्यासारखा आवाज येतो, आपल्या फ्लोअरच्या मानानं काहीच नाही. हातात एक फुगा देतात, घाबरलं की दाबायचा. मान हलवायची नाही. डोळे आधीच मिटून घ्यायचे. "माहा डोळा तर तवा मिटत होता," तो म्हणाला, आणि बायकोला झिंगे शिजवायला सांगितलं.

जेवताना मी दोनदा सुरुवात केली. एकदा त्याची सून वाढायला आली, एकदा मीच घास घेतला. निघताना तो म्हणाला, "मी येतो संग नागपूरले. तिथं एकट्यानं बसनं लय वाईट रायते."

आणि तो आला. चंद्रपूरला माझ्या घरी मुक्काम केला आणि सकाळी आम्ही तिघं बसनं निघालो. उतरताना मी त्याचा हात धरायचो, कारण पायरी दिसली नाही की त्याचा तोल जायचा. लोकांना वाटत असेल की रोगी तोच आहे.

मशिनमध्ये मी डोळे मिटून पडून राहिलो. ठकठक सुरू झाली. मला मरायची फारशी भीती वाटत नव्हती. वाटत होतं की गाठ निघाली तर बरं होईल, हिशेब होईल. आणि लगेच वाटत होतं की निघू नये. दोन्ही एकदमच वाटत होतं, आणि फुगा हातात घट्ट धरला होता.

रिपोर्ट संध्याकाळी मिळाला. गाठ नव्हती. नस शाबूत होती. कान वयानं आणि इतर कशानं तरी गेला असेल, नेमकं सांगता येत नाही, यंत्र लावून बघू, असं डॉक्टर म्हणाले. बायको रडली. जोडीदार त्या डॉक्टरांनाच विचारत होता, "साहेब, पक्कं ना? दोन्ही बाजूनं पाह्यलं ना?" त्याच्या वेळी जे विचारायचं राहिलं होतं ते सगळं तो माझ्या वेळी विचारत होता.

बाहेर टपरीवर चहा घेतला. बायको औषधं आणायला गेली होती. दुसरी वेळ मिळणार नव्हती. मी म्हणालो, "मले तुले एक सांगाचं होतं. लय दिवसाचं."

त्यानं चहा खाली ठेवला. "त्या तपासनीचंच ना?"

"हो."

"नका बोलू. आज चांगला दिवस आहे." त्यानं चहा परत उचलला. "तुमी माह्यासाठी केलं, भाऊ. मी कोनाले दोष देत नाई. घरीबी हेच सांगतो, भाऊनं मले फ्लोअरवर ठेवलं म्हनून पोट्ट्याचं शिक्षन झालं."

म्हणजे इतकी वर्षं तो असं समजून होता. 'माह्यासाठी' हा एकच शब्द खोडायचा होता. मी तोंड उघडलंही होतं. पण तो शांत बसला होता, चष्म्याखाली बोट घालून डोळा पुसत होता, आणि मला वाटलं, याच्याजवळ माझ्याविषयी जे चांगलं आहे ते मी का काढून घेऊ. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ते चांगलं मलाच हवं होतं. त्यानं 'नका बोलू' म्हटलं आणि मी सुटलो. टपरीवाल्याला आणखी दोन चहा सांगितले.

या पावसाळ्याच्या शेवटी तो गेला. कानाशी, गाठीशी काही संबंध नाही. दुपारी जेवून आडवा झाला तो उठला नाही. तेरवीला गेलो. आमच्या शिफ्टचे दोघे-तिघे आले होते. त्यातला एक जेवणाआधी चार शब्द बोलायला उठला. म्हणाला, "माणूस लाखाचा, फक्त हट्टी. कान लपवला नसता तर आज वेगळं चित्र असतं." गावच्या लोकांनी माना हलवल्या. त्याची बायको खांबाला टेकून बसली होती, तिनंही हलवली. मग मुलगा माझ्याकडं आला. "काका, तुमी बोला. बाबा सारखं तुमचंच सांगत होते."

मी उठलो. तो बेअरिंग किती बारकाईनं ऐकायचा ते बोललो, हातांच्या भाषेत कसा चेष्टा करायचा ते सांगितलं, लोक हसले. नागपूरला माझ्यासोबत आला होता तेही सांगितलं. मग माझा आवाज बसला, आणि लोकांना वाटलं की दुःखानं बसला. कुणीतरी मला पाणी दिलं आणि खाली बसवलं.

जे बोलायचं होतं ते हे होतं, आणि ते त्यालाच सांगायचं होतं: तू खरं सांगाले निंघाला होता, मी तुले थांबवलं. तुह्यासाठी नाई, माह्या रजेसाठी. दुसऱ्या साली तर लगनबी नव्हतं, तरी मी अंगठा उचलला, काऊन का पहिल्या सालचं उघडं पडलं असतं. साहेबासमोर तू माहं नाव घेतलं नाई आन मी तुह्यावर शेरा येऊ देल्ला. तू हट्टी नव्हता. तू माह्यावर इश्वास ठेवला. मले माफ कर गा.